बेलभंडाराची साक्ष

इशिताने वही मिटली आणि जाहीर करून टाकलं, "आमची बाजू हरणार. फिक्स आहे."

सिंधूबाई केंगले जेवणाच्या टेबलाशी कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. जपानातल्या ह्या इचिकावात कोथिंबीर मिळायची ती चार काड्या, प्लास्टिकात अशी गुंडाळलेली की जणू बाळंतिणीचं लेकरू. तिला निवडायचं ते काय? पण रिकाम्या हातानं बसणं सिंधूबाईंना बहात्तर वर्षांत जमलं नव्हतं, ते लेकाच्या घरी येऊन काय जमणार.

"कुणाची बाजू?" त्यांनी विचारलं.

"नेटिव्ह अमेरिकन लोकांची. शाळेत कोर्ट आहे ना, शनिवारी."

मग बारा वर्षांच्या नातीने आजीला समजावलं. तिच्या निम्म्या मराठीत समजावलं, आणि अडलं तिथे इंग्रजी घातलं. अमेरिकेत दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी गोरे लोक कापडी छपराच्या बैलगाड्या घेऊन पश्चिमेकडे निघाले. तिथे आधीपासून माणसं राहत होती. त्यांच्याशी गोऱ्यांच्या सरकारने करार केले, आणि करार करकरून त्यांना सरकवत सरकवत नेलं. इतिहासाच्या बाई, मियाबे-सेन्सेई, यांनी तीन-चार खऱ्या करारांवरून एक नमुना तयार केला होता आणि वर्गाचे दोन भाग पाडले होते. करार कोणी मोडला, हे कोर्टात ठरवायचं. इशिताकडे मूळच्या लोकांची वकिली आली होती आणि खालच्या मजल्यावरच्या सलोनीकडे गाडीवाल्यांची. सलोनी तिची जिवलग मैत्रीण, पण वादात ती सख्ख्या बापाला सोडत नसे.

"बैल चांगले आहेत," इशिताच्या टॅबवरचं चित्र बघून सिंधूबाई म्हणाल्या. "ह्या टोळीनं मग काय केलं?"

"टोळी नाही म्हणायचं, आजी. सेन्सेई रागावतात. नेशन म्हणायचं."

"बरोबर रागावती. टोळी चोरांची असती. मंग हरायला काय झालं?"

"साइन केलं ना त्यांनी. सगळ्या सरदारांच्या खुणा आहेत खाली. सलोनी म्हणते, साइन केलं की विषय संपला."

सोफ्यावर सिंधूबाईंचा लेक धीरज लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. त्याने मान वर न करताच तोंड घातलं. "बरोबर बोलतेय सलोनी. सही म्हणजे सही. आपल्याच घरात बघ ना. माझ्या आजोबांनी न वाचता अंगठा दिला आणि अख्खं गाव धरणात गेलं. आधी अंगठा द्यायचा आणि मग जन्मभर रडायचं."

त्याच्या बोलण्यात वाकडेपणा नव्हता. उद्या पाऊस आहे, छत्री घ्या, असं सांगावं तसं त्याने सांगितलं. तेच सिंधूबाईंना लागलं. शिवी दिली असती तर त्यांनी परत दिली असती.

"कोण रडलं रे?" त्या म्हणाल्या. "माझ्या बापाला रडताना तू बघितलंस?"

"तसं नाही गं आई."

"मंग कसं?"

धीरजच्या कानातल्या यंत्रात कोणीतरी बोलायला लागलं होतं. तो "हाय, हाय, तानाका-सान," असं जपानीत होकार देत आतल्या खोलीत गेला आणि दार लागलं.

सिंधूबाईंनी उरलेली कोथिंबीर निवडून संपवली. बापाची गोष्ट त्यांनी लेकाला कधी सांगितली नव्हती, हा दोष त्यांचाच. सांगायची म्हणजे बापाचा अंगठा पुन्हा चारचौघांपुढे धरायचा, म्हणून त्या साठ वर्षं गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या तर भावकी बोलली, आणि भावकीने जे सांगितलं ते लेकाने घेतलं. आता लेकाकडून ते नातीकडे चाललं होतं. नातीची पोरंबाळं तर कुठल्या देशात कुठल्या भाषेत बोलतील कोण जाणे, पण एवढं त्यांना नक्की ठाऊक राहील, की आपला एक पूर्वज येडा होता आणि त्याने अंगठ्याने गाव बुडवलं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार, जाळायच्या कचऱ्याचा वार. ह्या घरचा कचरा सिंधूबाईंच्या ताब्यात होता. नगरपालिकेच्या पत्रकावरची चित्रं बघून बघून त्यांनी कोणत्या पिशवीत काय हे असं पाठ केलं होतं, की खालच्या मजल्यावरची एक जपानी बाई बाटलीचं झाकण घेऊन त्यांना विचारायला येई. सकाळी पिशवी कावळ्यांपासून राखायला टाकलेल्या जाळीखाली ठेवून त्या वर आल्या, आणि दुपारी इशिता शाळेतून येईपर्यंत लसूण सोलत राहिल्या. ती आल्यावर म्हणाल्या, "तो कागद दाखव. खुणा आहेत तो."

इशिताने टॅब पुढे केला. करार नमुन्याचा असला तरी खालच्या सह्यांचं पान एका जुन्या कागदाचा फोटो होता. गिचमिड अक्षर, त्यात मध्ये मध्ये फुल्या, एकाखाली एक अकरा. सिंधूबाईंनी चष्मा पुसला आणि पान डोळ्यांजवळ नेलं.

"ह्या सगळ्या फुल्या एकाच हातच्या आहेत."

"कशावरून?"

"बघ की. सगळ्या डावीकडं कलल्यात. अकरा माणसं अकरा परी फुली काढतील. दोन बायांच्या रांगोळीचे ठिपके सारखे पडत न्हाईत."

इशिताने दोन बोटांनी फोटो मोठा केला. एकदा आजीकडे बघितलं, एकदा फुल्यांकडे. मग सेन्सेईंची टीप उघडून वाचली. त्यात लिहिलं होतं, पुष्कळदा फुली कारकूनच काढायचा, सरदार नुसता पेनाला बोट लावायचा.

"म्हंजी खूणसुद्धा त्यांची न्हवं," सिंधूबाई म्हणाल्या.

"पण टच तर केलं ना, आजी. सलोनी हेच म्हणणार."

"कशाला म्हणून टच केलं? त्यांना काय सांगून बोट लावायला लावलं?"

"ते इथे नाही लिहिलेलं." इशिता पानं सरकवत राहिली. "हे आहे फक्त. आधी तीन दिवस बोलणी झाली. मग सगळ्यांनी पाइप ओढला. पाइप म्हणजे, लांब असते ती."

"चिलीम."

"हां. ती त्यांच्यात देवाची असते. ती ओढून जे बोललं ते खोटं करायचं नाही, असा त्यांचा रूल होता."

सिंधूबाईंचा टॅबवरचा हात तसाच राहिला. "कुणी कुणी ओढली?"

"सगळ्यांनी. मीन्ना," तिने तेच जपानीतही सांगितलं.

"गोऱ्यांनी पण?"

"त्यांनी पण."

त्या मागे टेकून बसल्या. इशिताला वाटलं आजीला झोप लागली. पण डोळे उघडे होते आणि ओठ हलत होते. कुणाशी तरी मनातल्या मनात भांडताना त्यांचे ओठ असे हलायचे.

"तुझ्या त्या कोर्टात साक्षीदार चालतो का गं?"

चालत होता. प्रत्येक बाजूला एक, आणि तोही जिवंत. असं काही स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला किंवा स्वतः भोगलेला. सलोनीने आपल्या बाबांना धरलं होतं. नवीन देशात जाऊन शून्यातून संसार मांडायला किती कष्ट पडतात, हे विनयकाका सांगणार होते.

"कष्ट पडतात, खोटं कशाला बोलू," सिंधूबाई म्हणाल्या. "पण त्यानं फ्लॅट भाड्यानं घेतलाय. कुणाला उठवून न्हाई घेतला. लिही माझं नाव."

रात्री जेवताना हे धीरजच्या कानावर गेलं आणि त्याचा घास हातात राहिला. "आई, तिथे सगळे पालक असणार. आमच्या ऑफिसमधले दोघं येतात. तुला इंग्रजी नाही, जपानी नाही. कशाला आपलं घरचं तिथे?"

"घरचं म्हंजी काय? अंगठ्याचं?"

धीरजने आमटी ओरपली.

"येऊ दे त्यांना," दीप्ती म्हणाली. ही सून मुंबईची, कमी बोलणारी, पण बोलली की सरळ. "तुला लाज वाटत असेल तर तू मागच्या बाकावर बस. आई, इशिता इंग्रजीत सांगेल तुमचं. फक्त सावकाश बोला."

"मी सावकाशच बोलते. लोकच घाईनं ऐकतात."

शनिवारी मेट्रोच्या तोझाई लाइनने दोन स्टेशनं पुढे जाऊन सगळे इशिताच्या इंग्रजी शाळेत पोचले. दारात चपला काढून हिरव्या सपाता घालायच्या होत्या. शाळेत चपला काढतात हे सिंधूबाईंना पसंत पडलं, सपाता मात्र पायाच्या दीडपट निघाल्या. नऊवारीच्या निऱ्या आवरत, सपाता फटाक फटाक वाजवत त्या वर्गात शिरल्या आणि साक्षीदाराच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. खुर्ची पोरांच्या मापाची होती. त्या तिच्यात अशा बसल्या, की खुर्चीच नीट बसली.

न्यायाधीश तिघं होते, वरच्या वर्गातल्या दोन मुली आणि एक मुलगा, काळे गाऊन घातलेले. सलोनीने सुरुवात केली. दोन वेण्या, हातात कार्डांचा गठ्ठा. इशिताची शबरी नावाची मैत्रीण बाजूला बसली होती, ती सिंधूबाईंच्या कानाशी मराठीत सांगत होती. गाडीवाले गरीब होते, वाटेत त्यांची पोरं तापाने गेली, सरकारने त्यांना सांगितलं जमीन मोकळी आहे, आणि सरकारकडे कागद होता, कागदावर खुणा होत्या. विनयने छान सांगितलं. पहिल्या हिवाळ्यात घरात एक गादी होती आणि गॅसचं बटण कसं लावायचं हे कळत नव्हतं. लोक हसले, सिंधूबाईही हसल्या.

मग त्यांचं नाव पुकारलं.

"माझं नाव सिंधू धावजी," त्या उठून म्हणाल्या. "सासरचं न्हाई सांगत. साक्ष बापाची आहे."

इशिताने ते इंग्रजीत सांगितलं. मागच्या बाकावर धीरजने पायावरचा पाय काढला.

"आमचं गाव सावरदरा. आम्ही महादेव कोळी, डोंगरातली माणसं. भात पिकवायचा, रानातून हिरडा गोळा करायचा. सरकार काल आलं, आम्ही त्याच्या आधीपासून तिथं. मी ह्या पोरीएवढी होते तव्हा धरणाचा साहेब गावात आला. आमच्यात शब्द कागदावर देत न्हाईत. महादेवाच्या देवळात ताट ठेवायचं, त्यात बेलाचं पान आणि भंडार. भंडार म्हंजी हळद. देवाची. ती उचलून माणूस जे बोलला ते बोलला. ते मोडलं तर तो आमच्यात मेला. त्याच्या हातचं पाणी कुणी पीत न्हाई, त्याच्या घरात पोरगी कुणी देत न्हाई."

इशिता एक वाक्य बोलून थांबली.

सिंधूबाईंनी तिच्याकडे बघितलं. "एवढंच? मी एवढी बोलले आणि तू एवढंसंच सांगितलंस?"

"आजी, मी म्हटलं ना, दे मेड अ प्रॉमिस."

"ताट कुठं गेलं? पान कुठं गेलं? पाण्याचं सांगितलंस का? पाण्याचं सांग."

वर्गात मराठी कळणारे चार-पाच जण हसले. इशिताचे कान लाल झाले. तिने श्वास घेतला आणि पहिल्यापासून सांगितलं. पान, हळद, देऊळ, पाणी, पोरगी. बेलाला शब्द सापडेना तेव्हा तिने हवेत तीन बोटं धरून तीन पानं दाखवली. सिंधूबाईंनी मान डोलावली आणि पुढे निघाल्या.

"ताट माझ्या हातात होतं. साहेबानं उचललं, उजव्या हातानं. त्याच्या घड्याळाच्या पट्ट्यात हळद बसली, त्यानं रुमालानं पुसली तरी निघंना. आणि तो बोलला, सगळं गाव एका जागी बसवीन. धरणाच्या खाली, कालव्याच्या बाजूला, देवासकट. ते ऐकलं तव्हा माझ्या बापानं उचललं. गावात त्याच्या शब्दाला मान होता. तो बोलला, मंग आम्ही उठू."

त्या थांबल्या. इशिताचं सांगून झालं.

"दोन दिवसांनी कारकून आला. म्हणाला, परवा देवळात कोण कोण हजर होतं त्याचा कागद करायचाय. हजेरी. बापानं अंगठा दिला. हजर तर होताच की. त्याच्या मागं सगळ्यांनी दिला, आणि घरी जाऊन चुलीच्या राखेनं शाई घासली. त्या कागदात काय होतं, तर सरकार देईल ती जागा, देईल तव्हा, आम्हाला कबूल. आमचं गाव तीन तालुक्यांत फेकलं. मुरमाड माळावर, पाण्यापासून लांब. देव आमच्यासंगं आला न्हाई, तो पाण्यात राहिला. आणि लोक म्हणाले, धावजीनं अंगठ्यानं गाव बुडवलं. त्याच्यापुढं बाप एकोणीस वर्षं जगला, अंगठा मुठीत दाबून. बिडी पेटवायची तर काडी दोन बोटांत धरायचा."

मागे धीरज गुडघ्यांवर कोपरं टेकून पुढे झुकला होता. तो चार-पाच वर्षांचा असताना आजोबा गेले. त्यांच्याबद्दल त्याला एवढंच आठवत होतं, की त्यांची उजवी मूठ उघडत नसे. त्याला वाटायचं, तो हात जन्मापासून तसा आहे.

सलोनी उलटतपासणीला उठली. ती सिंधूबाईंशी मराठीत बोलली आणि आपलंच बोलणं न्यायाधीशांना इंग्रजीत सांगत गेली, त्यामुळे भाषांतरात काही सांडलं, असं कुणाला म्हणायला जागा राहिली नाही.

"आजी, सॉरी, पण विचारावं लागेल. तुमच्या वडिलांनी अंगठा दिला की नाही?"

"दिला."

"कोणी हात धरून घेतला का?"

"न्हाई."

"म्हणजे स्वतःहून दिला."

"स्वतःहून."

"आणि ह्या करारात सरदारांनीही स्वतःहून पेनाला हात लावला. दॅट्स ऑल." सलोनी बसली. तिच्या बाजूच्या पोरांनी बाकाखाली एकमेकांच्या हातावर टाळ्या दिल्या. इशिता आपल्या कागदांत काहीतरी शोधत होती आणि तिला ते सापडत नव्हतं.

सिंधूबाई उभ्याच होत्या. "साक्षीदारानं एक विचारलेलं चालतं का?"

असा नियम कुणी केला नव्हता. तिन्ही न्यायाधीशांनी मियाबे-सेन्सेईंकडे बघितलं. त्या खिडकीपाशी उभ्या होत्या, पन्नाशीच्या, बुटक्या, कायम खडू लागलेल्या बाह्यांच्या. त्यांनी हाताने चालू द्या अशी खूण केली.

"सलोनी, बाळ, तुझ्या लोकांनी चिलीम ओढली का?"

सलोनीने कार्डं चाळली. शेजारच्या पोराने तिच्या कानात काही सांगितलं, बहुतेक माहीत नाही म्हण असं. तिने त्याला कोपराने बाजूला केलं. पोरगी वादाला तिखट होती, पण खोटी नव्हती.

"ओढली."

"कुणी?"

"तिघांनी. दोन कमिशनर आणि एक जनरल."

"आणि ओढून काय बोलले? लिहिलंय का कुठं?"

"लिहिलंय." तिने कार्ड वाचलं. "नदीच्या पलीकडे आमची एकही गाडी मुक्कामाला थांबणार नाही."

"मंग कागदात तेच लिहिलंय ना?"

सलोनी आता वाचत नव्हती, तिला पाठ होतं. तरी तिने कार्डाकडे बघितलं. "नाही. कागदात आहे, सरकारला गरज लागेल तेव्हा सरकार तिथे रस्ता आणि ठाणी करू शकतं."

"बरं झालं सांगितलंस," सिंधूबाई म्हणाल्या. आवाज त्यांनी चढवला नाही. गावच्या पाणवठ्यावर त्या चढवायच्या तेव्हा पलीकडच्या वाडीला ऐकू जायचा, पण इथे त्यांनी तो बसवून ठेवला. "तुम्ही म्हणता, त्यांनी कागदाला हात लावला म्हणून ते बांधले गेले. कागदाची रीत तुमची. त्यांना ती कळत नव्हती, तरी ते बांधलेले. बरं, मानलं. पण चिलमीची रीत त्यांची. ती तुमच्या माणसांनी तीन दिवस बसून बघितली, समजून घेतली, आणि मग ओढली. मंग तुमची माणसं बांधली गेली का न्हाई? का ज्याला वाचता येत न्हाई तोच तेवढा बांधला जातो, आणि ज्याला येतं तो मोकळा?"

ह्या वेळी इशिताने एक शब्द गाळला नाही. शेवटचा प्रश्न तिने इंग्रजीत सांगितला, आणि मग कुणी सांगितलं नसताना जपानीतही सांगितला, मागच्या पालकांसाठी.

"आणि एक," सिंधूबाई म्हणाल्या. "हे माझ्या घरच्यांनी पण ऐकावं. माझा बाप अडाणी होता. पण भंडार उचलून तो बोलला, आम्ही उठू, आणि तो उठला. जागा बघितली, फसवलंय हे कळलं, तरी उठला, कारण शब्द गेला होता. त्यानं मोडला न्हाई. बेलभंडार उचलून मोडला तो शिकलेल्यानं. त्या गावात एकच माणूस खोटा निघाला आणि तो माझा बाप न्हवता. झाली माझी साक्ष."

त्या बसल्या. सलोनी उठली नाही. तिच्या बाजूचा पोरगा उठायला गेला, तर तिने त्याच्या शर्टाला धरून खाली बसवलं.

न्यायाधीश शेजारच्या खोलीत जाऊन दहा मिनिटांनी आले. निकाल दोनास एक असा लागला. दोघांचं म्हणणं, चिलमीवर जे बोललं गेलं तोच करार, कारण ती रीत दोन्ही बाजूंना समजत होती. कागद फक्त एकालाच समजत होता. तेव्हा करार गाडीवाल्यांच्या सरकारने मोडला. तिसरी, केस कानामागे घट्ट बसवलेली जपानी मुलगी, म्हणाली की तिला हे पटत नाही. कागद नसेल तर साठ वर्षांनी कोण काय बोललं हे कसं कळणार?

इशिताने हे आजीला सांगितलं तेव्हा तिला वाटलं आजी चिडेल.

"शहाणी आहे ती," सिंधूबाई म्हणाल्या. "तिला सांग, म्हणून तर मी आले."

पालक उठले, खुर्च्या सरकल्या. विनयने येऊन वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही आधी सांगितलं असतं तर मी आलोच नसतो साक्षीला." सिंधूबाई म्हणाल्या, "तुझी गॅसची गोष्ट चांगली होती."

मग मियाबे-सेन्सेई आल्या. त्या जपानीत बोलल्या आणि दीप्तीने मराठीत सांगितलं. सेन्सेई उत्तरेच्या होक्काइदो बेटावरच्या. त्यांचे पणजोबा नांगर घेऊन तिथे गेले होते. सरकारने त्यांना जमीन दिली, मोकळी आहे म्हणून. तिथे आइनू लोक राहत होते, मासे धरत होते. पणजोबांच्या मेहनतीच्या गोष्टी त्यांनी घरात शंभरदा ऐकल्या, पण त्या लोकांना काय सांगून उठवलं, हे घरात कुणी विचारलं नाही. पुढच्या सत्रात वर्ग तेच शिकणार होता. आजच्या साक्षीचं रेकॉर्डिंग झालं होतं, ते तेव्हा मुलांना ऐकवायचं होतं. आजींची परवानगी मिळेल का?

"ऐकवा," सिंधूबाई म्हणाल्या.

सेन्सेईंनी दोन्ही हातांनी एक कागद पुढे केला. सगळा जपानी, उभ्याआडव्या चौकटी, खाली नाव आणि शिक्क्याची जागा. धीरज मागून येऊन शेजारी उभा राहिला होता. डोळे जरा लाल होते, पण त्याबद्दल कुणी काही म्हटलं नाही. त्याने लगेच कामाला हात घातला. खिशातून आपला गोल शिक्का काढला. इथल्या रिवाजाप्रमाणे त्यावर जपानी अक्षरांत केंगले कोरलेलं होतं.

"मी मारतो, आई. घरातल्या कुणाचाही चालतो." आणि त्याने शिक्क्याचं टोक लाल शाईच्या डबीत दाबलं.

सिंधूबाईंनी त्याचं मनगट धरलं. "काय लिहिलंय?"

"असंच गं. नेहमीचं असतं."

"माझ्या बापाला वाचता येत नव्हतं," सिंधूबाई म्हणाल्या. "तुला काय झालं?"

दीप्तीने तोंड फिरवलं. सेन्सेईंना भाषा कळली नाही, पण शिक्का हवेत का थांबला हे कळलं असावं, कारण त्यांनी जवळची एक खुर्ची ओढून धीरजला बसायला दिली.

धीरजने कागद उचलला आणि वाचायला लागला. एक ओळ जपानीत मनात, मग मराठीत मोठ्याने. रेकॉर्डिंग कुठल्या दिवसाचं. कुणाचं. शाळेबाहेर देणार नाही. सिंधूबाई कागदाच्या कडेवर बोट ठेवून होत्या आणि तो एक ओळ बोलला की बोट एक ओळ खाली सरकवत होत्या. तो शेवटाला आला.

"झालं."

"न्हाई झालं. माझं बोट अजून वर आहे. मधली एक गाळलीस."

धीरजने बघितलं. खरंच गाळली होती. "किरकोळ आहे, आई. गरजेप्रमाणे मजकूर थोडा कमी करता येईल, एवढंच."

"कोण कमी करणार?"

"शाळा."

"ती खोडा म्हणावं. ऐकायचं तर सगळं ऐका. ताटापासून."

धीरजने सेन्सेईंना सांगितलं. त्याचं ऑफिसातलं जपानी गुळगुळीत, माफी मागत मागत बोलायचं. ह्या वेळी त्याने माफी मागितली नाही, सरळ सांगितलं. सेन्सेईंनी पट्टी आणून त्या ओळीवरून दोन रेघा ओढल्या आणि खोडल्याच्या जागी स्वतःचा शिक्का उमटवला.

"आता पुन्हा वाच," सिंधूबाई म्हणाल्या. "पहिल्यापासून."

तो पहिल्यापासून वाचत गेला. इशिता आणि सलोनी दाराशी सपाता हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांना जाऊन आइसक्रीम घ्यायचं होतं, आणि बारा चाळीसची गाडी निघून गेली. बोट आणि ओळी बरोबर संपल्या तेव्हा सिंधूबाईंनी पेन मागून घेतला. दुसरी इयत्ता अर्धवट सोडलेल्या बाईचं अक्षर, एकेक सुटं, दगड रचल्यासारखं. आधी सिंधू. मग बराच वेळ लावून, दीर्घ वेलांटी नीट वर नेऊन, धावजी.